इंदूर–पुणे, विरजणासह

ऋताने फोनवर पाठवलं :
सरळ रेषेत पाचशे दहा किलोमीटर,
उड्डाण एक तास पंधरा मिनिटं.
खाली एक ओळ, बाबा, आता कारणं नकोत.

शरयूचं माप वेगळं होतं.
सरवटे स्टँडवरून संध्याकाळी सहाची गाडी,
मांडीवर घट्ट झाकणाचा डबा,
डब्यात कोमट दूध,
दुधात चमचाभर विरजण.
मधल्या सीटवर ऋता, पाय माझ्याकडे, डोकं आईकडे.
खलघाटला नर्मदा आली की
माझा डोळा लागलेला असला तरी हलवून उठवायची,
नाणं दे म्हणायची,
आणि पुलावरून काळोखात रुपया टाकताना
दुसरा हात झाकणावरच.
सेंधव्याच्या घाटात बिजासनीला बसल्या जागेवरून नमस्कार.
धुळ्याला सगळी गाडी चहाला उतरायची,
ही नाही.
"आत्ता हलवलं तर फुटेल. मालेगाव गेलं की लागतं."

मालेगाव गेलं की खरंच लागायचं.
सकाळी नऊला पुण्यात तिची आई
डबा तिरका करून बघायची.
दही जागचं हलायचं नाही.
"इंदूरचं दूध," एवढंच म्हणायची
आणि जावयाला पाणी विचारायचं राहून जायचं.

आता तीन वर्षं झाली,
रोज रात्री मी चमचाभर बाजूला काढतो,
उद्याच्या दुधासाठी.
दूध बदलतं, भांडं बदललं, दूधवालाही बदलला.
विरजण तेच, तिचं.
तेच ऋताला द्यायचं होतं.

इथे विमानतळाशेजारीही एक बिजासन आहे, टेकडीवर.
रिक्षातूनच हात जोडले.
आत तपासणीच्या पट्ट्यावर डबा थांबला.
"लिक्विड है, अंकल."
"अभी है," मी म्हटलं, "छह घंटे रुको."
जवान हसला नाही. पोरगाच होता,
रांग मागे वाढत होती,
कुणीतरी बूट काढून हातात धरून उभं होतं.
"या तो छोड़ दो, या पी जाओ."

प्यायलो.
उभ्यानेच, सगळ्यांसमोर,
वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी, पाऊण लिटर.
कोमट. तळाशी किंचित आंबट.
घरी फ्रीजमध्ये वाटीभर आहे,
काही बुडालेलं नाही,
असं मिशी पुसता पुसता स्वतःला सांगितलं.

विमान वर गेलं, वळलं.
खाली नर्मदा, उसवलेल्या दोऱ्याएवढी.
खिशात नाणं होतं.
ही खिडकी उघडत नाही.
पट्टा पोटावर आवळलेला,
आत काय चाललं असेल कोण जाणे,
मी उगाच फार हललो नाही.
शेजारच्या बाईंनी विचारलं, तब्येत बरी आहे ना?
उत्तर जुळवेपर्यंत सातपुडा मागे पडला,
आणि खुर्च्या सरळ करा म्हणून सांगायला लागले.

ऋताने दारातच डबा हातात घेतला.
"हलका कसा?"
सांगितलं.
हसेल वाटलं होतं.
तिने झाकण उघडलं, उजेडात धरलं,
आतल्या आट्यांत अडकलेली एक पांढरी रेघ
चमच्याच्या टोकाने खरवडून काढली.
मग दूध तापवलं, कोमट केलं,
करंगळी बुडवून पाहिली, अगदी तशीच,
आणि ती रेघ त्यात सोडली.
"एवढ्याने नाही लागायचं," मी म्हटलं.
तिने डबा टॉवेलात गुंडाळला
आणि ओट्याच्या कोपऱ्यात ठेवला.
तेव्हा रात्रीचे दहा वाजले होते.

अडीचला जाग आली.
चोरपावलांनी गेलो, झाकण जरासं उचललं.
पातळ.
दूधच होतं अजून, नुसतं दूध.

मागे अंधारात ऋता उभी.
"बाबा, हात काढ.
आत्ता कुठे धुळं आलंय."